अठरांपैकी चौदा

दिंडोरी तालुक्यात, कादवा नदीपासून चालत दहा मिनिटांवर माझ्या मामेभावाची द्राक्षबाग आहे. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बांधावर करंज, बाभळी आणि दोन कडुनिंब, विहिरीवर उंबर, आणि गड्यांच्या खोल्यांमागे आजोबांच्या काळातला एक आंबा, निम्मा वाळलेला. चार वर्षांपूर्वी या बागेत आम्ही अठरा घरटे-पेट्या लावल्या. तिसऱ्या वर्षी त्यातल्या चौदा भरल्या. नाशिकच्या एका पक्षीप्रेमी मेळाव्यात २० मार्चला, म्हणजे जागतिक चिमणी दिनाला, मी हा आकडा मोठ्या पडद्यावर दाखवला. खाली ओळ होती : ‘कीटकभक्षी पक्षी दुप्पट झाले’. ती ओळ चुकीची होती. कशी चुकीची होती ते कळायला अजून एक हंगाम गेला.

चिमणी दिन हा नाशिकला घरचाच. तो २०१०पासून साजरा करायला लावणारे मोहम्मद दिलावर नाशिकचेच. त्यामुळे आमच्याकडे लाकडी पेटी ही काही नवलाई नाही, गंगापूर रोडच्या निम्म्या सोसायट्यांच्या गॅलरीत ती टांगलेली दिसेल. शेतात, तेही द्राक्षाच्या मांडवाजवळ ती लावायची कल्पना मात्र माझी. त्यासाठी अण्णांना मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नेदरलँड्समधल्या सफरचंदांच्या बागेत पेट्या लावून वल्गुली या चिमणीएवढ्या पक्ष्याची वस्ती वाढवली, तेव्हा अळ्यांचं नुकसान कमी होऊन झाडामागे फळ ४.७ किलोवरून ७.८ किलोवर गेलं. आणि कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत निळ्या पक्ष्यांसाठी पेट्या लावल्या, तिथे मुद्दाम ठेवलेल्या अळ्या पक्ष्यांनी २.४ पट जास्त उचलल्या. दुसरा अभ्यास २०११चा. अण्णांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “थ्रिप्स खातात का तुझे पक्षी?”

खरं उत्तर ‘नाही’ असंच होतं. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे, ते डोळ्यांना धड दिसत नाहीत, मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण सालीखाली दडतो, उडद्या हा भुंगेरा रात्री पोंगे, म्हणजे कोवळे फुटवे, कुरतडतो आणि दिवसा सुटलेल्या सालीत लपतो. पाखरांच्या वाट्याला येतात त्या अळ्या, नाकतोडे, भुंगेरे, कोळी. हे मी तेव्हा नीट सांगितलं नाही. “काही प्रमाणात” असं काहीतरी पुटपुटले. अण्णांनी पेट्या लावू दिल्या त्या द्राक्षासाठी नव्हेत, माझ्या भिडेखातर.

फळांच्या जुन्या क्रेटच्या फळ्यांतून गावातल्या सुताराने पेट्या केल्या. आठांचं भोक ३२ मिलिमीटर, म्हणजे चिमणी किंवा वल्गुली आत जाईल, साळुंकी जाणार नाही. उरलेल्या दहांचं तोंड मोठं ठेवलं, दयाळासाठी, आणि जमलं तर पिंगळ्यासाठी. काही पत्र्याच्या शेडला ठोकल्या, काही बांधावरच्या झाडांना, काही सरळ मांडवाच्या कडेच्या अँगलला. कुठे कोणती लावली याची वही ठेवली, पण तोंड कोणत्या दिशेला हे लिहिलं नाही. पहिली चूक ही.

पहिल्या वर्षी सात पेट्यांत घरटी झाली : चार चिमण्या, दोन दयाळ, एक साळुंकी. दुसऱ्या वर्षी अकरा : पाच चिमण्या, दोन दयाळ, तीन साळुंक्या आणि एक वल्गुली. काळ्या टोपीची, पांढऱ्या गालाची ही चिमुकली जोडी पाहून मी दोन दिवस कॉलेजात सगळ्यांना फोटो दाखवत फिरले. तिसऱ्या वर्षी चौदा. मेळाव्यातला आलेख तयार होता : ७, ११, १४.

त्याच चौदांची फोड करायला मला संध्याकाळची पंधरा मिनिटं पुरली असती. चिमण्या चार, दयाळ तीन, वल्गुली एक. आणि साळुंक्या सहा. पहिल्या वर्षापासून वाढलेल्या सात घरट्यांपैकी पाच साळुंक्यांची होती. साळुंकी पिल्लांना किडे भरवते हे खरं, एप्रिल-मेमध्ये ती नांगरामागून चालते तेव्हा तिच्याइतका मन लावून काम करणारा गडी नाही. पण फेब्रुवारीत घडांत साखर भरली की तीच साळुंकी बुलबुलांबरोबर मांडवात उतरते. अण्णा तेव्हा जाळ्या लावतात, पोरं फटाके फोडतात. आणि मी ‘कीटकभक्षी’ म्हणून तिलाच आलेखात मोजत होते.

हे लक्षात आलं ते मात्र माझ्या हुशारीने नव्हे.

खरड छाटणीला, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीला, मग फुटी काढायला, अण्णांकडे पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात. त्यातल्या एका मावशींना पाखरांचं ज्ञान माझ्या पदवीपेक्षा बरंच जास्त आहे. तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात, मेळावा होऊन गेल्यावर, मी शनिवारी बागेत गेले तेव्हा मांडवाकडेच्या एका पेटीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “बाई, या दयाळाची पोरं गेली.”

मी म्हटलं, मादी तर आत्ता आत गेली.

“जाते. पण घाण बाहेर आणत नाही कालपासून.”

पिल्लं जिवंत असली की पाखरू चारा घालून परत निघताना चोचीत पांढरी इवलीशी पिशवी घेऊन निघतं आणि लांब नेऊन टाकतं. पिल्लांची विष्ठा पातळ पडद्यात बांधूनच बाहेर येते, म्हणून घरटं स्वच्छ राहतं. ती पिशवी दिसेनाशी झाली म्हणजे आत खाणारं कोणी उरलं नाही. आई सवयीने दिवसभर आणखी फेऱ्या मारते, एवढंच. मी काठीला मोबाइल बांधून आत पाहिलं. चारही पिल्लं मेलेली, पिसांच्या नळ्या नुकत्या फुटलेल्या.

त्यानंतर मी त्या हंगामातली उरलेली प्रत्येक पेटी दर आठवड्याला पाहिली. आधीच्या आठवड्यांतलं जे हातून सुटलं होतं, ते मावशींच्या आठवणीतून आणि हंगाम संपल्यावर पेट्या उघडून भरून काढलं. (हंगाम चालू असताना अंड्यांना, पिल्लांना हात लावू नये. १९७२चा वन्यजीव कायदा आहेच, पण कायदा नसता तरी लावू नये.) तेव्हा वहीत दुसरा रकाना तयार झाला : घरटं झालं की नाही, याच्या पलीकडे, पिल्लं उडाली की नाही. साळुंक्यांच्या सहापैकी पाच घरट्यांतून पिल्लं उडाली. लहान पक्ष्यांच्या आठपैकी तीनमधून. बाकीची पाच गेली.

या पाचांचं कारण एकच धरावं असा मोह मला झाला. फवारणी, दुसरं काय? तो मोह आवरावा लागला, कारण पाचांपैकी दोन चिमण्यांची घरटी शेडच्या पश्चिमेकडच्या पत्र्याला ठोकलेल्या पेट्यांत होती. मेमध्ये दुपारी तीनला त्या भिंतीला हात लावून पाहिला तर मागे घ्यावा लागला. ती पिल्लं भाजली, त्याला औषध कशाला हवं? ज्या घरातल्या माणसांना दुपारी शेडमध्ये बसवत नाही, तिथे मी आठ-दहा ग्रॅमच्या उघड्या पिल्लांची सोय केली होती.

उरली तीन : दोन दयाळ, एक वल्गुली. तिन्ही पेट्या मांडवाच्या कडेला, सावलीत. अण्णांची फवारणीची डायरी काढली. ती डायरी माझ्या वहीपेक्षा हजारपट नीट आहे : तारीख, औषध, प्रमाण, कोणत्या प्लॉटला किती टाक्या. तिन्ही घरट्यांतली पिल्लं ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, फिरल्यापासून दहा दिवसांच्या आत गेली होती. विहिरीवरच्या उंबरातली दयाळाची तिसरी जोडी त्याच दिवसांत सुखरूप होती, पिल्लं उडूनही गेली.

तीन घरट्यांवरून काही सिद्ध होत नाही. पण कसं घडत असेल ते समजायला हरकत नाही. दयाळाच्या अंड्यांपासून पिल्लं उडेपर्यंत साधारण महिना जातो : बारा-तेरा दिवस उबवण, मग पंधरा दिवसांच्या आसपास चारा. जोडी पेटी निवडते ती खरड छाटणीच्या सुमाराला. काड्यांचा पाचोळा जमिनीवर, ओल ठिबकची, पाचोळ्यात किडे. नव्या फुटी आल्या की उडद्या आणि फुलकिडे येतात, आणि त्यांच्यामागोमाग ब्लोअर. तोवर पेटीत पिल्लं. म्हणजे पाखरू जागा निवडतं ती भरलेलं ताट पाहून, आणि पंगत बसेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं. पेटी नसती तर ती जोडी मांडवाला इतकी लगटून बसली नसती. तिला तिथे आणलं मी.

अण्णांनी यावर जे सांगितलं ते मला कोणत्याही लेखात वाचायला मिळालं नव्हतं. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, ते प्रत्येक औषध मोजून-मापून मारतात, कारण माल युरोपला जातो, तिथे घडाचा नमुना तपासला जातो, रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, निघाला तर कंटेनर परत. “एप्रिलात घडच नाही वेलीवर. रेसिड्यू कशाचा बघणार? तेव्हा जे लागू पडतं ते मारायचं.” निर्यातीच्या शिस्तीचा सगळा काच हिवाळ्यात. आणि आपल्याकडच्या बहुतेक ढोलीत राहणाऱ्या पाखरांचा विणीचा काळ मार्च ते जुलै. युरोपच्या ग्राहकाच्या पोटाची काळजी घेणारी व्यवस्था दयाळाच्या पिल्लांच्या वेळी सुटीवर असते. यात अण्णांचा दोष काढायचा तर बागेचं कर्ज कोण फेडणार तेही बोलावं लागेल.

त्या डायरीत इमिडाक्लोप्रिड हे नाव दोनदा होतं. २०१४ साली नेदरलँड्समधल्या नोंदींवरून एक गोष्ट पुढे आली : जिथे ओढ्या-कालव्यांच्या पाण्यात या औषधाचं प्रमाण लिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर होतं, तिथे कीटक खाणारे पक्षी सरासरी वर्षाला ३.५ टक्क्यांनी घटत होते. २०१८मध्ये युरोपीय संघाने उघड्या शेतात त्याचा वापर थांबवला. पाखरू थेट विषाने मरतं की उपासाने, हा भेद त्या पाण्याच्या आकड्यांतून निघत नाही. आमच्या तीन पेट्यांतून तर नाहीच.

आता मूळ प्रश्न. पिल्लं मरत होती तर पेट्या दरवर्षी जास्त कशा भरत होत्या?

याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका टिपणात आहे. १९०६-०७च्या सुमारास दहा-अकरा वर्षांच्या सलीम अलींनी चेंबूरच्या तबेल्यात चिमणीचं घरटं पाहिलं. भोकाबाहेर खिळ्यावर नर पहारा देत बसे. मुलाने छऱ्याच्या बंदुकीने तो नर मारला. थोड्याच वेळात मादीला दुसरा नर मिळाला, तोही खिळ्यावर. सात दिवसांत असे आठ नर त्या एका खिळ्यावरून पडले आणि दर वेळी नवा हजर. मुलाने हे वहीत लिहून ठेवलं. आज वाचताना बंदूक खटकते, पण नोंद अस्सल आहे : घर नसलेली पाखरं आसपास नेहमीच वाट पाहत असतात. खिळा कधी रिकामा राहिला नाही. त्या आठवड्यात ‘खिळा भरलेला आहे का’ एवढंच मोजणाऱ्याला चेंबुरात एकही चिमणी कमी झाल्याचं कळलं नसतं.

माझ्या पेट्या म्हणजे तो खिळा होता. जुने वाडे पडले, भिंतीतल्या खबदाडी गेल्या, पोकळ खोडं सरपणाला गेली, तेव्हा ढोलीची टंचाई मोठी आहे. पेटी लावली की ती भरणारच. ती भरली म्हणजे टंचाई आहे एवढं कळतं. पाखरं वाढली की घटली हे त्यावरून ठरत नाही.

याचा आणखी एक पुरावा बागेतच होता. दुसऱ्या वर्षापासून मी पाच ठिकाणी दहा-दहा मिनिटं उभी राहून सकाळी गाणारे दयाळ मोजत होते. (पेट्या लावण्याआधी मोजायला हवे होते, ही दुसरी चूक, आणि ती आता दुरुस्त होणार नाही.) दुसऱ्या वर्षी गाणारे नर चार. तिसऱ्या वर्षी चार. पेट्यांतल्या दयाळाच्या जोड्या मात्र दोनाच्या तीन झाल्या. तिसरी आली कुठून? गड्यांच्या खोल्यांमागच्या आंब्याच्या ढोलीतून. ती ढोली त्या वर्षी रिकामी होती. एक कुटुंब जुन्या घरातून माझ्या नव्या घरात राहायला आलं आणि मी जनगणनेत ते नवं म्हणून लिहिलं.

पेट्या निरुपयोगी आहेत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. इंग्लंडमधल्या वायटम वुड्समध्ये १९४७पासून वल्गुलीच्या पेट्या दरवर्षी पाहिल्या जातात, नेदरलँड्सच्या होगे वेलूवेमध्ये १९५५पासून. कोणत्या पेटीत पहिलं अंडं कधी, किती फुटली, किती उडाली, उडालेल्यांतली पुढल्या वर्षी किती परतली. अशा नोंदींतूनच २००६ साली हे उघड झालं की आफ्रिकेतून येणारा कवडा माशीमार जिथे अळ्यांचा बहर लवकर सरतो त्या रानांत वीस वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाला आहे. उबेमुळे अळ्या आधी येऊ लागल्या, पाहुणा मात्र जुन्याच मुहूर्तावर पोहोचत राहिला. उत्तर अमेरिकेत निळ्या पक्ष्याला पेट्यांच्या रांगांनी सावरलं हेही खरंच. फरक आहे तो मोजायच्या पद्धतीत. तिथे पेटी म्हणजे प्रयोगशाळेतलं उपकरण, आमच्याकडे ती बक्षीस समारंभातली वस्तू.

आपल्या देशात अशा दीर्घ नोंदी नाहीत, म्हणून इथला कल कळतो तो हजारो पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांतून. २०२३च्या देशव्यापी अहवालात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल ठरवता आला, त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. गंमत म्हणजे जिच्या नावाने आपण पेट्या टांगतो ती चिमणी देशभर पाहता बरीचशी टिकून असल्याचं २०२०च्या अहवालाने सांगितलं होतं, मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. आणि जो खरोखर ३० टक्क्यांवर घटला त्या नीलपंखाचं नाव पेटीच्या संदर्भात कोणी घेत नाही. नीलपंखही ढोलीतच वीण करतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानायचं, आणि तो बसतो ती वाळलेली खोडं दिवाळीआधी तोडायची, असा आपला व्यवहार. अण्णांच्या लहानपणी विजेच्या तारेवर तो रोजचा होता. मी चार वर्षांत एकदा पाहिला, जानेवारीत.

चौथ्या वर्षाआधी आम्ही काही बदल केले. शेडच्या पश्चिमेकडच्या पेट्या उतरवून पूर्वेला, छपराच्या वळचणीखाली आणल्या. मांडवाकडेच्या सगळ्या पेट्या काढून विहिरीवर आणि लांबच्या बांधावर नेल्या. मोठ्या तोंडाच्या बहुतेक पेट्यांवर ३२ मिलिमीटरच्या भोकाची पट्टी ठोकली. दयाळासाठी ठेवलेल्यांना मोठं भोक लागतंच, त्या झाडोऱ्यात, कमी उंचीवर लावल्या, कारण साळुंकीला वर आणि मोकळं आवडतं. हा अंदाज होता, बऱ्यापैकी लागू पडला. आंब्याचं वाळलेलं खोड तोडायचं ठरलं होतं, ते राहिलं. बांधावरचं गवत मारायचं थांबवलं.

फवारणीचं काय? अण्णांनी फवारणी बंद केली नाही, करणारही नाहीत. एक केलं : विहिरीकडच्या प्लॉटमध्ये उडद्यासाठी ब्लोअरऐवजी जुनी पद्धत. पहाटे वेलीखाली रॉकेल-पाण्याची परात धरायची आणि वेल हलवायचा. भुंगेरे गारठलेले असतात, टपाटप पडतात. मावशी आणि त्यांची सून यांनी ते चार सकाळी केलं. मजुरी औषधापेक्षा जास्त पडली हे अण्णांनी डायरीत लिहून मला मुद्दाम दाखवलं. सगळ्या बागेत हे परवडणारं नाही, आणि ते मी कोणाला सुचवतही नाही.

चौथ्या वर्षी अठरांपैकी नऊ पेट्या भरल्या. चार चिमण्या, तीन दयाळ, एक वल्गुली, एक साळुंकी. माझा जुना आलेख पुढे नेला तर १४वरून ९वर घसरगुंडी. लहान पक्ष्यांच्या आठपैकी सहा घरट्यांतून पिल्लं उडाली, आदल्या वर्षी तीन होती. साळुंकीची उडाली ती वेगळी. मेळाव्याच्या गटात मी दोन्ही रकाने असलेलं वहीचं पान टाकलं, तर पहिला प्रश्न आला, “ताई, यंदा पक्षी कमी झाले का?” दोन परिच्छेद उत्तर लिहिलं. त्यावर हात जोडल्याची तीन चिन्हं आली.

एका ओळखीच्यांनी अण्णांना आणखी वीस पेट्या भेट द्यायची तयारी दाखवली, पाटीवर नाव घालून. त्या कुठे लावायच्या म्हणून अण्णांनी मला विचारलं. मी मोजून पाहिलं. मांडवापासून दूर, सावलीत, पूर्वेकडे तोंड करून लावता येतील अशा जागा सहाच निघतात.

यंदा मार्चअखेरीस पाच ठिकाणी उभी राहून पुन्हा मोजणी केली. गाणारे दयाळ चार. मावशी म्हणतात पाचवा आहे, विहिरीपलीकडे, उजाडायच्या आत बोलतो आणि मी साडेसहाला येते तोवर गप्प झालेला असतो. येत्या शनिवारी साडेपाचला जायचं ठरलं आहे. तोवर वहीत चारच लिहिले आहेत.